बेडूक कुठल्या रकान्यात?

आमच्या इंदरगंजातल्या पाठशाळेत रविवारी सकाळी मी लहान मुलांना जीवांचे भेद शिकवते. फळ्यावर नेहमीचा तक्ता असतो. आधी एकेंद्रिय स्थावर, मग दोन, तीन, चार इंद्रियांचे, आणि शेवटी पंचेंद्रिय. पंचेंद्रिय तिर्यंचांचे पुन्हा तीन रकाने : जलचर, थलचर, नभचर. मुलं भराभर नावं सांगतात, मी लिहीत जाते. मासा, मगर, कासव पहिल्यात. गाय, सिंह, हत्ती दुसऱ्यात. पोपट, चिमणी तिसऱ्यात. गेल्या आषाढात चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "आंटी, मेंढक कहाँ लिखें?"

लगेच दोन तट पडले. एक मुलगा म्हणाला, पाण्यात अंडी घालतो म्हणून जलचर. दुसरा म्हणाला, आमच्या बाथरूममध्ये रोज बसलेला असतो, तो जलचर कसा? मी 'बेडूक' हा शब्द दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवरच लिहिला आणि पुढच्या रविवारी यावर बोलू म्हणून सांगितलं. मुलांना ते पटलं. माझ्या डोक्यात मात्र ती रेघ राहून गेली. पाणी आणि जमीन यांच्यामधली ही रेघ पहिल्यांदा ओलांडली कुणी, आणि कशी? माझं शिक्षण कला शाखेचं, विज्ञान दहावीबरोबरच सुटलं. पण दुपारची आवराआवर झाली की दोन तास माझे असतात. तो सगळा पावसाळा ते दोन तास मी या एका प्रश्नाला दिले. जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते.

सुरुवात घराजवळूनच करू. आमच्या गच्चीवरून किल्ला दिसतो. त्याच्या कड्यात पंधराव्या शतकात, तोमर राजे डूंगरसिंह आणि कीर्तिसिंह यांच्या काळात, तीर्थंकरांच्या मोठमोठ्या मूर्ती कोरल्या गेल्या. आपण गोपाचलाला जातो तेव्हा मूर्तींचं दर्शन घेतो, दगडाकडे कुणी पाहत नाही. हा दगड विंध्याचा वालुकाश्म आहे, म्हणजे पाण्यानं आणून टाकलेली वाळू, थरावर थर बसून घट्ट झालेली. तिचं वय शंभर कोटी वर्षांहून जास्त. आमच्याकडच्या जुन्या घरांत फरशीच्या लाद्यांवर बारीक बारीक लाटा असतात. पोछा मारताना बोटांना लागतात. वाळूवरून पाणी गेलं की अशाच लाटा उमटतात. त्या तेव्हाच्याच आहेत.

या दगडात पान सापडत नाही, मूळ सापडत नाही, हाड सापडत नाही. कारण ती वाळू वाहत होती त्या काळी जमिनीवर गवताचं एक पातंदेखील नव्हतं. जे काही जिवंत होतं ते पाण्यात, किंवा फार तर ओल्या जागी सूक्ष्म जीवांच्या पातळ साईसारख्या थरात. विंध्याच्याच खडकांत चित्रकूटजवळ सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे लाल शेवाळासारखे अवशेष मिळाल्याचं २०१७ साली जाहीर झालं. श्रीरामाच्या वनवासाचं चित्रकूट, आणि त्याच्या खडकात एवढं जुनं शेवाळ! शेवाळ का होईना, पण तेही पाण्यातलंच.

विंध्याच्या दगडात जीव शोधणं किती अवघड, याची एक गोष्ट मला फार आवडली. भोपाळजवळच्या भीमबेटकाच्या गुहेत, छताजवळच्या कड्यावर, पानासारखा एक ठसा दिसला. २०२१ साली काही शास्त्रज्ञांनी तो डिकिन्सोनिया नावाच्या अतिप्राचीन प्राण्याचा असल्याचं लिहिलं. वर्तमानपत्रांतून फोटो आले. २०२३ साली दुसऱ्या अभ्यासकांनी जवळून पाहून सांगितलं, की ते मधमाश्यांचं वाळून गेलेलं पोळं आहे. ज्यांनी आधी लिहिलं होतं त्यांनीही ते मान्य केलं. आपल्या घरात मध येत नाही, त्यामुळे पोळं म्हटलं की मला उगाच त्या माश्यांबद्दल आपलेपणा वाटतो. पण त्याहून मला ते मान्य करणं महत्त्वाचं वाटलं. त्याकडे पुढे येते.

आता मूळ प्रश्न. जमीन अशी उघडी होती तेव्हा नद्या कशा वाहत असतील? मी कधी हा विचारच केला नव्हता. नदी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काठ येतो. घाट, झाडी, चिखल, कपडे धुणाऱ्या बायका. पण काठ मुळात धरून कोण ठेवतं? मुळं. मुळं नव्हती तेव्हा पाऊस पडला की पाणी रुंद पसरून, शेकडो फाटे फोडत, वाळू ढकलत वाहायचं. बारीक गाळ थांबायचा नाही, तो समुद्रात जायचा. नदीच्या दोन्ही अंगांना पुराचं पाणी पसरावं, संथ व्हावं, गाळ सोडून मागे जावं, आणि त्या गाळात डबकी राहावीत, अशी पूरमैदानं मोठ्या प्रमाणावर तयार झाली ती वनस्पती आल्यानंतर. म्हणजे जमिनीवर यायला जीवांना तयार जमीन मिळाली नाही. आधी कुणीतरी चिखल धरून ठेवावा लागला.

हे काम ज्यांनी केलं ते अगदी किरकोळ दिसणारे जीव होते. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी या गावाजवळ १९१२ साली विल्यम मॅकी नावाच्या डॉक्टरला शेताच्या बांधातल्या दगडांत काही विचित्र काड्या दिसल्या. सुमारे ४० कोटी ७० लाख वर्षांपूर्वी तिथे नदीचं मैदान होतं आणि जवळ गरम पाण्याचे झरे होते. झऱ्यांतल्या गारेच्या पाण्यानं तिथली वनस्पतीसृष्टी उभीच्या उभी दगड करून ठेवली. इतकी नीट, की पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशी दिसतात. झाडं कसली, वीतभर उंचीच्या काड्या. त्यांना पानं नाहीत, खरी मुळंही नाहीत. आणि त्या काड्यांच्या पेशींमध्ये बुरशीचे धागे आहेत. मातीतली खनिजं बुरशीनं द्यायची, अन्न वनस्पतीनं द्यायचं, असा तो व्यवहार. आज बहुतेक झाडांच्या मुळाशी हाच व्यवहार चालतो.

बुरशी म्हटलं की आपल्या स्वयंपाकघरात हात मागे येतो. पापडाच्या डब्यात, लोणच्याच्या बरणीत पांढरा ठिपका दिसला की तो पदार्थ अभक्ष्य. पावसाळ्यात पिठाची मर्यादा आपण दिवसांवर मोजतो. सासूबाई तर बरणी उघडायच्या आधी हात कोरडे आहेत ना ते दोनदा बघायच्या. त्यामागचा भाव असा, की तिथे अनंत जीव आहेत, त्यांना आपल्यामुळे त्रास नको. ऱ्हायनीच्या काड्यांबद्दल वाचल्यावर मला त्या पांढऱ्या ठिपक्याविषयी नव्यानं आदर वाटला. ज्याला आपण हात लावत नाही, त्याच्या आधारानं पहिली हिरवळ कोरड्या जमिनीवर उभी राहिली.

मग मुळं आली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कैरो गावाजवळ एका जुन्या खाणीच्या तळाशी ३८ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या जंगलाची मुळं पसरलेली सापडली. झाडं गेली, पण जमिनीत कित्येक मीटर पसरलेल्या मुळांचा नकाशा तसाच राहिला. त्यांतलं आर्किऑप्टेरिस हे झाड वीस मीटरांहून उंच व्हायचं, त्याला खरं लाकूड होतं, आणि ते पानं गाळायचं. तुम्ही म्हणाल, यात विशेष काय? विशेष हे, की तोवर नदीत पाचोळा पडायला झाडच नव्हतं. आता ओढ्यांत पानं पडू लागली. ती कुजली, त्यावर बारीक किडे-जीव पोसले गेले, त्यांच्यामागे मासे उथळ पाण्यात आले. पाणी गढूळ, फांद्यांनी अडलेलं, आणि कुजणाऱ्या पानांमुळे प्राणवायू कमी असलेलं. अशा ठिकाणी नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही. फुप्फुसं माशांना आधीपासूनच होती, ती इथे कामाला आली.

पेनसिल्व्हेनियात हायनर गावाजवळ रस्त्यासाठी कापलेला एक लाल डोंगर आहे, त्याचं नावच रेड हिल. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचं पूरमैदान तिथे कापलेल्या केकसारखं उभं दिसतं. जुन्या मातीत सुकून भेगा पडल्याच्या खुणा आहेत, म्हणजे एक ओला हंगाम आणि एक कोरडा. चंद्रपूर माझं माहेर. उन्हाळ्यात काळ्या रानाला पायाचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. तिथे जळक्या लाकडाचे तुकडे मिळाले, म्हणजे वणवे लागत. आणि तिथेच १९९३ साली एका चार पायांच्या प्राण्याच्या खांद्याचं हाड मिळालं. त्याला हायनरपेटन म्हणतात.

रेड हिलवर काम केलेले टेड डेश्लर आणि त्यांचे सहकारी नील शुबिन यांनी मग याहून जुना जीव शोधायचं ठरवलं. त्यांनी नकाशा पाहिला, आणि त्या काळातल्या नद्यांचा गाळ उघडा आहे असा उत्तर ध्रुवाजवळचा, कॅनडाच्या नुनावुतमधला एल्समिअर बेटाचा भाग निवडला. अनेक उन्हाळे तिथे घालवल्यावर २००४ साली त्यांना खडकातून बाहेर डोकावणारं एक चपटं तोंड दिसलं. २००६ साली ते जगासमोर आलं. तिथल्या इन्युइट ज्येष्ठांना विचारून त्याला नाव दिलं टिकटालिक, त्यांच्या भाषेत गोड्या पाण्यातला मोठा मासा. वय सुमारे ३७ कोटी ५० लाख वर्षं. आज तिथे बर्फ असला तरी तेव्हा तो भूभाग विषुववृत्ताजवळ होता, आणि ओढे उबदार होते.

टिकटालिकला खवले होते, कल्ले होते, पर होते. पण त्याला मान होती. माशाला मान नसते, तो डोकं वळवायला सगळं अंग वळवतो. आणि त्याच्या पराच्या आत खांद्याजवळ एक हाड, पुढे दोन, आणि त्यापुढे मनगटासारखी लहान हाडं होती. आपल्या हाताची हीच रचना. मंदिरात पंचांग नमस्कार करून उठताना आपण तळवे जमिनीला टेकतो आणि मनगट मागे वाकवून अंग वर उचलतो. माझ्या वयाच्या बायकांना ते मनगट रोज आठवण करून देतं. टिकटालिक उथळ पाण्यात तळाला टेकून असंच अंग वर उचलू शकत असे.

त्याच्यानंतरच्या अकँथोस्टेगानं तर शास्त्रज्ञांची समजूतच बदलली. जेनी क्लॅक या इंग्लिश बाईंनी १९८७ साली ग्रीनलंडमध्ये जाऊन त्याचे सांगाडे आणले. त्याच्या पुढच्या पायाला आठ बोटं निघाली. पाय आहेत, पण मनगट अंगाचा भार पेलण्यासारखं नाही. शेपटी पाण्यात पोहण्याची, आणि कल्ले शाबूत. पूर्वी असं सांगत, की डबकी आटली, मासे तडफडत पुढच्या डबक्याकडे निघाले, आणि सरपटता सरपटता त्यांना पाय आले. अकँथोस्टेगा सांगतो की पाय पाण्यातच आले होते. गवता-काड्यांनी भरलेल्या उथळ पाण्यात ढकलत, चाचपत, आधार घेत फिरण्यासाठी. जमिनीवर चालणं नंतरचं. कोरड्या जमिनीवर जायचं म्हणून कुणी तयारी केली नाही. काठावरच्या जगण्यातच ती होत गेली.

हे एका रांगेतलं चित्रही नाही. पोलंडमधल्या एका खाणीतले चार पायांच्या प्राण्यांचे ठसे २०१० साली जाहीर झाले, ते टिकटालिकहून सुमारे दीड-दोन कोटी वर्षांनी जुने आहेत. म्हणजे टिकटालिक हा काही सगळ्यांचा मूळ पुरुष नव्हे. काठाकाठानं अनेक जीव तसे राहत होते, त्यांतला एक आपल्याला भेटला. कुणाचा कान बदलत होता, कुणाचा खांदा. माशाच्या कल्ल्याजवळ आधार देणारं एक हाड पुढे लहान होत होत कानात गेलं. आपण प्रवचन ऐकतो त्या कानात ते अजून आहे.

एवढं सगळं ग्रीनलंड आणि कॅनडातलं वाचल्यावर मला वाटलं, आपल्याकडे काहीच नाही का? आणि उत्तर माहेरच्या बाजूलाच निघालं. नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा नदीच्या खोऱ्यात मांगली नावाचं गाव आहे. नागपुरात १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगड-जीवाश्मांचा मोठा नाद. त्यांच्याकडून मांगलीच्या वालुकाश्मातली एक कवटी लंडनला गेली. रिचर्ड ओवेन यांनी १८५५ साली तिचं वर्णन छापलं आणि नाव ठेवलं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स, म्हणजे आखूड चेहऱ्याचा, रुंद डोक्याचा. हा प्राचीन उभयचर, बेडकांच्या दूरच्या गोतातला. सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा. तोवर त्याच्या भाईबंदांतले काही कवचाची अंडी घालून पाण्यापासून मोकळे झाले होते. याच्या कुळानं मात्र पुन्हा पाण्यातच मुक्काम केला. असला प्राणी पाठशाळेच्या फळ्यावर आला असता तर मला अजून एक रेघ काढावी लागली असती.

त्याच मांगलीच्या दगडात तांदळाच्या कणीएवढ्या शिंपल्यांचे ठसे मिळाले. ते शिंपले नव्हेत, शिंपल्यासारखं कवच असलेले इवलेसे जलजीव. त्यांच्या नावात मांगली आहे : एस्थेरिया मंगलिएन्सिस. या गोताचे जीव आजही आहेत. ते पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत राहतात. डबकं आटलं की अंडी मातीत सुकून पडून राहतात, आणि पुढच्या पावसात जागी होतात. आपलं शास्त्र अशा जन्माला सम्मूर्च्छन म्हणतं, शास्त्रज्ञ सुकलेल्या अंड्यांकडे बोट दाखवतात. दोघांचं सांगणं वेगळं आहे. पण दोन्हींपैकी काहीही मानणारा माणूस पहिल्या पावसाच्या डबक्यातून स्कूटर घालताना जरा थांबेल.

चंद्रपूर, घुग्घुस, बल्लारपूर हा सगळा कोळशाचा मुलूख. आमच्या अंगणात वाळत घातलेल्या कुरडयांवर बारीक काळी पूड बसायची आणि आई कुरकुरत चादर बदलायची. तो कोळसा म्हणजे अशाच दलदलीच्या पूरमैदानांतली झाडं. माझ्या धाकट्या भावानं एकदा पाटीसारखी चपटी शिळा आणली होती, तिच्यावर जिभेच्या आकाराचं पान, मधली शीर ठळक. ते ग्लोसोप्टेरिस. जिभेवरूनच ब्रॉन्यार या फ्रेंच अभ्यासकानं १८२८ साली हे नाव दिलं. याच खडकांना पुढे गोंडवन म्हणजे गोंडांच्या प्रदेशावरून 'गोंडवाना' नाव मिळालं, आणि दक्षिणेकडच्या जुन्या जोडखंडालाही तेच. जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात आपल्या गोंड शेजाऱ्यांचं नाव आहे, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. हिस्लॉप यांनी त्याच गोंडांची गाणी आणि कथाही टिपून ठेवल्या होत्या. त्या त्यांच्या मृत्यूनंतर छापल्या गेल्या. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना, अंधारात, पुरानं भरलेल्या ओढ्यात ते बुडाले.

आता त्या गोष्टीकडे, जी लिहिताना मी सगळ्यात जास्त थांबले. आपल्या समाजात असं काही विज्ञानाचं वाचलं की लगेच म्हणतात, "हे तर आपल्या शास्त्रात आधीच आहे." माझ्या लेखाचा कच्चा खर्डा वाचून आमच्या महिला मंडळातल्या एका ताईंनी हेच सुचवलं. जलचर, थलचर, नभचर हा क्रमच बघा, म्हणाल्या, आधी पाणी, मग जमीन, मग आकाश. असं लिहा, सगळ्यांना आवडेल. मला आवडलं नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवांची मांडणी इंद्रियांवरून आहे, ती जीवाची ओळख पटवण्यासाठी. जीव अनादि, शरीरं बदलतात, असं आपण मानतो. एका शरीराच्या जातीतून दुसरी जात कशी घडली, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. जो विचारलेला नाही त्याचं उत्तर तिथून ओढून काढणं म्हणजे शास्त्राचा मान वाढवणं नव्हे. भीमबेटकाच्या पोळ्याला डिकिन्सोनिया म्हणणाऱ्यांनी दोन वर्षांत शब्द मागे घेतला. आपण शास्त्राच्या नावावर टाकलेले शब्द मागे घ्यायला किती पिढ्या लागतात?

शास्त्रानं जे दिलं ते वेगळंच आहे, आणि ते मला जीवाश्मांच्या कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. बेडकाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. राजगृहीचा एक श्रेष्ठी मरून आपल्याच घरच्या विहिरीत बेडूक झाला. वर्धमान स्वामी आल्याचं कळल्यावर तोंडात कमळाची पाकळी धरून तो पाण्याबाहेर पडला आणि टुणटुण उड्या मारत दर्शनाला निघाला. वाटेत राजा श्रेणिकाच्या हत्तीचा पाय पडला. तो देवगतीला गेला. लहानपणी मी या गोष्टीत देव झालेला बेडूक पाहायची. आता मला हत्ती दिसतो. हत्तीचा दोष नाही, राजाचाही नाही, सगळे दर्शनालाच निघालेले. पण पायाखाली काय आहे ते पाहणारं कुणी नव्हतं. गोष्ट सांगणाऱ्यानं स्वर्ग बेडकाला दिला, राजाला नाही.

आमच्या सासूबाई विहिरीचं पाणी गाळत तेव्हा गाळणं उलटं करून स्वच्छ पाण्यानं धूत, आणि ते जिवाणीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडत. वरून ओतायचं नाही. तळाला कडी असलेली बादली अलगद खाली न्यायची आणि पाण्याला टेकली की उलटी करायची. दुसऱ्या विहिरीत सोडायचं नाही, कारण ते जीव या पाण्याचे. आता नळाला तिघरा धरणाचं पाणी येतं. जिवाणी परत कुठे सोडायची? लष्करातून जाणाऱ्या स्वर्णरेखेला तर काँक्रीटचा तळ आणि काँक्रीटच्या भिंती. पाणी आहे, बाजूला जमीन आहे, मध्ये काठ नाही. बेडकाला चढायला जागा नाही.

काठ अजून शिल्लक आहे तो चंबळेवर. १९७९ साली झालेलं तिथलं अभयारण्य मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश मिळून आहे. घडियालाची मादी मार्चअखेरीस वाळूच्या उंचवट्यावर चढते, खड्डा करून तीस-चाळीस अंडी घालते, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत पिल्लं निघतात. पाण्यात राहायचं, पण अंडी कोरड्या वाळूतच. मुरैन्याजवळ देवरीच्या केंद्रात काही अंडी आणून उबवतात आणि पिल्लं मोठी झाली की नदीत सोडतात. पण वाळूच नसली तर मादी चढणार कुठे? अभयारण्यातली वाळू उपसायला बंदी आहे, तरी ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून ती शहरात येते, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही गच्चीवर एक खोली काढली. ठेकेदार म्हणाला, चंबलची रेत आणतो, रात्री ट्रॉली येईल, याहून चांगली मिळणार नाही. ह्यांनी विचारलं, पावती मिळेल? तो हसला. दीर म्हणाले, वहिनी, एका ट्रॉलीनं काय होतंय, सगळं शहर याच रेतीचं आहे. सगळं शहर याच रेतीचं आहे हे खरंच होतं, त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी एवढंच म्हटलं, की पाणी गाळून पिणाऱ्या घराच्या भिंतीत ती वाळू नको. तीन दिवस घरात कुणी मोकळेपणानं बोललं नाही. शेवटी दगड दळून केलेली रेती आणली. खर्च वाढला, कामाला तीन आठवडे जास्त लागले, आणि गिलावा थोडा खरखरीत झाला. दीर अजून आले की भिंतीवरून हात फिरवतात आणि माझ्याकडे बघतात. मीही फिरवते.

चातुर्मासात साधू विहार का करत नाहीत, हे आपण मुलांना एका वाक्यात सांगतो : पावसाळ्यात जीवोत्पत्ती जास्त. मला आता त्यात आणखी एक गोष्ट दिसते. त्या चार महिन्यांत पाणी आणि जमीन यांची हद्द जागची हलते. नदी मैदानात येते, नाला गल्लीत येतो, ओल भिंतीत चढते. आठ महिने दूर असलेला काठ आपल्या उंबरठ्याशी येतो, आणि त्याच्याबरोबर काठावरचे सगळे जण येतात. गोगलगाय, गांडूळ, पैसा, बेडूक. तीन दारांत थांबून, खाली बघून, पाऊल टाकायचं. ज्या वाटेनं ते कोट्यवधी वर्षांपूर्वी आले, ती वाट अजून चालू आहे. आपण तेवढे चार महिने बाजूला उभं राहायचं.